वन्समोअर

नव्या संगीत नाटकाचा प्रयोग संपला तेव्हा संगीतकार ऑर्गनवर कापड घालत होते. आयुष्यभर त्यांनी नव्या नाटकांना नव्या चाली दिल्या. प्रयोगालाही स्वतःच वाजवायला बसतात.

त्यांच्या पदांच्या वेळी आम्ही प्रेक्षक खोकत होतो, वेफर्सची पाकिटं फोडत होतो. निर्मात्याच्या आग्रहाखातर घातलेलं एक जुनं नाट्यपद आलं, तेव्हा मात्र ‘वन्समोअर’ ओरडून आम्ही नाट्यगृह डोक्यावर घेतलं. माझा आवाज सगळ्यांच्या वर होता. त्यांनी मान लववली आणि दुसऱ्याची ती चाल पुन्हा तितक्याच मनापासून वाजवली.

मी जवळ जाऊन म्हणालो, “फार सुंदर झालं!”

“हो? कुठलं पद आवडलं?” त्यांचा कापडावरचा हात थांबला.

मी आठवू लागलो. ओठांवर ते जुनंच येत होतं. नवं काही घडत नाही म्हणून आपण हळहळतो, आणि ते समोर घडत असताना ओळखीचं कधी येतंय याची वाट पाहत बसतो.

“ते जुनं ना? मलाही फार आवडतं,” तेच म्हणाले. मग माझा चेहरा बघावा लागू नये म्हणून की काय, पाठ फिरवून ऑर्गन झाकू लागले.