तीन दिवसांचं हरार

ईदच्या सुट्टीत कुवेतच्या आमच्या मराठी मंडळातल्या सहा कुटुंबांनी इथिओपियातलं हरार बघायचं ठरवलं. मग फहाहीलला आमच्याच हॉलमध्ये एका गृहस्थांनी त्या गावाची माहिती सांगितली. गृहस्थ बँकेत. आफ्रिकेत कधी पाऊल ठेवलेलं नाही, पण तासभर बोलले. तटबंदी, कॉफी, तरसांना हातानं मांस भरवणारी माणसं. मग म्हणाले, शंका विचारा. पहिली शंका, पोळीभाजी मिळेल का? डोंबलाची शंका! दुसरी, इंडियन स्टोअर कितीसं लांब आहे.

चहा फिरवत होती ती आमच्याकडे राहणारी बाई. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, त्यांचं सगळं तीन वर्षं तीच करते. गृहस्थांनी भिंतीवर दाखवलेल्या फोटोतली गल्ली बघून ती ट्रे घेऊन तिथंच थांबली, तेव्हा मला कळलं की ती हरारची. तिला कुणी एक शब्द विचारला नाही. मी तरी कुठे विचारला?

आपल्यातलं कुणी पुण्याला निघालं की दारात पिशव्यांची रांग लागते आणि दुसऱ्यांचे खजुराचे डबे आपण मुकाट नेतो. हिनं आईसाठी एक शाल पुढे केली, तर सगळ्यांचे चेहरे पडले. कस्टमवाले पकडतील, आत काय शिवलंय कुणास ठाऊक. शालीत! शेवटी मी घेतली, आणि स्वतःवरच खूश झाले. तिची सुट्टी मात्र आम्ही दुसऱ्यांदा पुढे ढकलली होती. सासूबाईंना कोण बघणार?

हरारला आम्ही हॉटेलवाल्याकडून तवा मागून घेतला आणि तीन दिवस कुवेतहून नेलेली थालीपीठं गरम करून खाल्ली. तरसांबरोबर फोटो काढले. तिचं घर पंधरा मिनिटांवर होतं. रोज म्हटलं, उद्या जाऊ. शेवटच्या सकाळी मला कॉफी घ्यायची होती आणि गाडी दारात उभी होती. शाल बॅगेतच राहिली.

परत आल्यावर तिनं आधी चहा दिला, मग विचारलं, आई भेटली का.

"दोनदा जाऊन आले गं. दाराला कुलूप होतं," शाल तिच्या हातात परत देत मी म्हटलं. इतकी वर्षं ऑफिसात काढल्यावर खोटं बोलायला अडखळायला होत नाही.

ती शालीची घडी चाचपत राहिली. आमच्याच स्वयंपाकघरात शिकलेल्या मराठीत म्हणाली, "मॅडम, आई चार वर्षं पलंगावर आहे. ती कुठे जाणार?"

सासूबाईंची कूस बदलायची वेळ झाली होती, म्हणून ती आत गेली.