आईचं भूक मारणारं तेल

माझं पोट हा आमच्या घरात कायमचा चर्चेचा विषय होता. वडील बावन्नाव्या वर्षी हार्ट अटॅकनं गेले, आणि गेल्या वर्षी मी बावन्न वर्षांचा झालो, वजन एकशे चार किलो. आई अमेरिकेत ताईकडे सहा महिने राहून पुण्याला परत निघाली होती. वाटेत दोन महिने ती सिंगापूरला आमच्याकडे उतरली, ती मला वाचवायचंच असं ठरवून.

आल्या दुसऱ्या दिवशी तिनं स्वयंपाकघराचा ताबा घेतला. बायको रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत, मी चांगी बिझनेस पार्कमध्ये. घरी आयतं ताट मिळतंय म्हटल्यावर आम्ही कशाला बोलतोय! पण ते ताट विचित्र होतं. जिनं आयुष्यभर नको नको म्हणत असताना पोळी वाढली, ती आता एक भाकरी, मुगाचं वरण आणि वाटीभर कोशिंबीर ठेवून गप्प बसायची. माझी कोशिंबीर वेगळ्या वाटीत असायची. तिला किंचित कडवट वास यायचा, मला वाटायचं मेथी असेल.

आणि खरंच मला दुसरी भाकरी नकोशी व्हायला लागली. ऑफिसजवळच्या हॉकर सेंटरमधला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीतला, माझा नेहमीचा लाक्सा, नारळाच्या रश्श्यातल्या शेवया, अर्धा टाकून मी उठायला लागलो. महिन्याभरात सहा किलो उतरले. हे सगळं माझ्या मनोनिग्रहाचं फळ आहे, असं मी भेटेल त्याला सांगत सुटलो. सकाळी ईस्ट कोस्टला समुद्राकाठी चालायला जायचो, त्याचाही नको तितका बोभाटा केला.

मग ऑफिसनं आम्हा चौघांना कामासाठी बँकॉकला पाठवायचं ठरवलं. जाण्याआधी एचआरची मेल आली. तिकडे गांजा मिळाला तरी त्याच्या वाटेला जाऊ नका, सिंगापूरच्या नागरिकांनी आणि पीआर, म्हणजे इथे कायम राहण्याचा परवाना, असलेल्यांनी तो परदेशात घेतला तरी इथे गुन्हाच आहे, परत येताना विमानतळावर लघवीची तपासणी होऊ शकते. आम्ही पीआर. संध्याकाळी जेवताना ती मेल मी सगळ्यांना मजा म्हणून मराठीत करून सांगितली.

आईनं विचारलं, "गांजा म्हणजे भांगेचंच झाड ना रे?"

"तेच."

"मग तुझ्या कोशिंबिरीत घालते ते तेलसुद्धा चालत नसेल का इथे?"

माझी मुलगी आधी ओरडली, इथल्या सिंगापुरी इंग्रजीत. शाळेत त्यांना हे सगळं घोकून शिकवतात. "आजी! दॅट्स ड्रग्ज! कॅनॉट, लाह!"

आई उठली आणि आतून एक बाटली घेऊन आली. खोकल्याच्या औषधाची रिकामी झालेली, प्लास्टिकची, तोंडाला पिशवी आणि वर रबर. ताईनं दिलेली बाटली काचेची होती, बॅगेत फुटली तर साड्यांची वाट लागेल म्हणून आईनं ते तेल हिच्यात ओतून आणलं होतं. ताईच्या गावात ते दुकानात मिळतं. ताईनं सांगितलं होतं, की याची झिंग येत नाही, आणि भांगेनं भूक खवळते तसंही होत नाही, उलट मरते; गॅसवर तापवायचं नाही, वरून चार थेंब घालायचे. आणि ते भांगेपासून काढतात याचं आईला काहीच वाटलं नव्हतं. काशीला तिनं भांग घातलेली थंडाई प्रसाद म्हणून घेतली होती. विमानात काहीतरी सूचना झाली होती म्हणाली, पण ती इंग्रजीत.

नोकरी, पीआर, मुलीची शाळा, सगळं डोळ्यांपुढे फिरलं. आणि भीती वाटली की मी ओरडतो, हा माझा जुना रोग आहे. बाटली मी सिंकमध्ये रिकामी केली. मग फ्रिजमधल्या चटण्या, तिनं करून ठेवलेलं मेतकूट, बायकोसाठीचे डिंकाचे लाडू, जे दिसेल ते इमारतीच्या कचरा टाकायच्या नळीत फेकत सुटलो. "त्यात नाहीये रे, फक्त तुझ्याच वाटीत घालत होते," असं आई सांगत होती. बायकोनं हात धरला, तो मी झटकला.

"तुझ्या वडिलांना मीच खाऊ घालून मारलं," आई म्हणाली. "तूप, साखरभात, मागतील ते. तुझ्या वेळी तरी हात आवरायला शिकावं म्हटलं."

हे ऐकून तरी मी थांबायला हवं होतं. मी म्हणालो, "इथे हे आणणाऱ्याला फाशी देतात, कळतंय तुला?"

तेवढ्याशा बाटलीसाठी इथे कोणाला फाशी होत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तिला घाबरवायचं होतं, म्हणून मी ते बोललो. ती खुर्चीवर बसली.

परतताना तपासणी नको म्हणून, आजारी आहे असं कळवून मी बँकॉक टाळलं. तिकीट बदलून चौथ्या दिवशी आईला पुण्याला धाडलं. चांगी विमानतळावर आत जाण्याआधी तिनं माझा हात धरला. "मला धरलंच, तर सांगेन, माझ्या मुलाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तू इथे थांबू नकोस, लगेच घरी जा." तेव्हाही मी तिला खरं सांगितलं नाही. माझा राग अजून उतरला नव्हता. ती सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभी राहिली, पदर घट्ट ओढून, आणि मी पाठ फिरवली.

पुढे सहा-सात महिने मी ते मनात घेऊन वावरलो. शेवटी एका रविवारी तिला फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. फाशीबिशी काही नव्हतं, मी खोटं बोललो, माझं चुकलं, तू पुन्हा ये. मग अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "हे सगळं तू फोनवर बोलतोयस, कोणी ऐकत तर नाही ना तुझ्याकडे?"