बंद घरातला फोन

"बघते."

कुणी काहीही सांगितलं की त्या आधी चष्मा काढायच्या, पदराच्या टोकाने पुसायच्या, पुन्हा डोळ्यांवर चढवायच्या आणि एवढंच म्हणायच्या. होईल असं नाही, होणार नाही असंही नाही. नुसतं "बघते." आमच्या गावात त्यांना कुणी नावाने ओळखत नव्हतं. माणसं मॅडम म्हणायची, बायका फोनवाली बाय म्हणायच्या, आणि मागे सगळेच त्यांची नक्कल करून "बघते" म्हणायचे.

नव्वदनंतरची वर्षं ती. बोईसरहून एस.टी.ने नवापूरच्या बाजूला यायला लागलं की खाडीकाठी आमचं गाव. गावच्या टोकाला दोन खोल्यांचं टेलिफोन एक्स्चेंज. एका खोलीत लोखंडी कपाट, त्यात कार्डं आणि लुकलुकणारे दिवे. दुसऱ्या खोलीत बॅटऱ्या. या सगळ्यावर खात्याने मॅडमना नेमलं होतं. त्या मूळच्या सांगोल्याकडच्या. नवरा बोईसरच्या कारखान्यात पाळीवर, म्हणून इकडची बदली मागून घेतलेली. समुद्र त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिला होता.

माझा एस.टी.डी. बूथ एक्स्चेंजच्या समोरच. कारखान्यातली नोकरी सुटली तेव्हा मी तो टाकला. रोज सकाळी पहिला फोन मॅडमचा. "माझा आवाज येतोय का? तुमचा येतोय. ठेवा." समोरासमोर दारं, मान वर केली तरी एकमेकांना दिसत होतो, पण तपासणी ती तपासणी. एकदा मी गमतीने विचारलं, "मॅडम, चहा घेणार का?" तर म्हणाल्या, "ते लाइन तपासताना विचारायचं नाही." आणि फोन ठेवून, रस्ता ओलांडून, चहा प्यायला आल्या.

गावाला त्यांचं काम काय ते नीट कळलं नव्हतं. दिवे गेले की लोक त्यांच्याकडे, नळाला पाणी नाही की त्यांच्याकडे. एक म्हातारी तर मुलगा पत्र लिहीत नाही म्हणून तक्रार घेऊन आली होती. मॅडमनी चष्मा पुसला. "बघते," म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात मुलाच्या कारखान्यातला नंबर कुठून तरी शोधून त्यांनी खरंच त्याला फोन लावला आणि म्हातारीला माझ्या बूथमध्ये आणून उभं केलं. म्हातारी इतक्या मोठ्याने बोलली की होडीवर जाळं विणत बसलेली माणसं वळून बघायला लागली. "हळू बोला आजी," मॅडम म्हणाल्या, "आवाज वायर नेते. तुम्ही नाही न्यायचा."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ज्यांच्या हातात फार थोडं असतं, पण लोकांना वाटतं सगळं यांच्याच हातात आहे.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर वादळ आलं. आमच्याकडच्या मोठ्या होड्या तेव्हा वर गुजरातच्या बाजूला गेलेल्या. वादळ लागलं की त्या मिळेल त्या बंदरात शिरायच्या आणि तिथून कुणीतरी माझ्या बूथवर फोन करायचं. "अमक्या बंदरात हाय, सगळे बरे हाय," एवढा निरोप. मी तो रस्त्यावर ओरडून सांगायचो आणि तासाभरात तो घरोघरी पोचायचा.

या वेळी वाऱ्याने विजेचे खांब पाडले. एक्स्चेंज बॅटऱ्यांवर चाललं, मग बॅटऱ्याही उतरल्या. वीज परत आली ती असा झटका देऊन की माझ्या बूथमधला बल्ब फुटला. मी फोन उचलला, तर कानात काहीच नाही. खरखर नाही, घरघर नाही.

मी समोर धावलो. मॅडम कपाटापुढे उभ्या होत्या. दिवे लागत होते, एका ओळीत पुढे सरकत होते, मध्येच थांबत होते आणि सगळे विझून पुन्हा पहिल्यापासून लागत होते.

"काय झालं?"

"उठता येईना त्याला," त्या म्हणाल्या. मग मला समजेल असं सांगितलं. चालू होताना काय काय करायचं, हे या यंत्राच्या आतच एका कार्डावर साठवलेलं असतं. विजेच्या झटक्याने ते साठवलेलं बिघडलं होतं. यंत्र धडधाकट होतं, पण आपण काय आहोत हेच ते विसरलं होतं. अडीनडीला म्हणून दुसरं तसंच कार्ड होतं. तेही गेलं होतं.

"मग आता?"

चष्मा पुसला गेला, पण शब्द आला नाही.

त्यांनी कार्डं काढून पुसली, पुन्हा बसवली. अदलाबदल केली. वायरी सोडवून पुन्हा जोडल्या. दर वेळी दिवे त्याच जागी येऊन अडायचे. ठाण्याच्या कार्यालयाला कळवायला त्या बोईसरला गेल्या, तर एस.टी. बंद, अर्धा रस्ता ट्रकमध्ये उभ्याने. तिकडून उत्तर मिळालं की जतन करून ठेवलेली टेप घेऊन माणूस येईल, पण जिल्हाभर अशीच पडझड आहे, थांबावं लागेल.

दरम्यान गावातल्या बायका एक्स्चेंजच्या पायरीवर येऊन बसायला लागल्या. कुणी बोलवलं नव्हतं. बोईसरला जाऊन आपण फोन करू शकत होतो, पण करायचा कुठे? होड्या कुठल्या बंदरात होत्या हेच ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं ते तिकडून फोन लावत असणार, आणि तो येऊन पोचायचा रस्ता या कपाटातून होता.

त्या बायकांत देवकी होती. तिचा नवरा एका होडीवर खलाशी. टोपली घेऊन बोईसरच्या बाजारात बसणारी, बोलायला फटकळ बाई. तिने दारातून विचारलं, "बाय, तुमाला येत नाय का हे?"

"येतं," मॅडम म्हणाल्या. "पण ज्यातून ते उठतं तेच गेलंय. माझ्याकडे दुसरं नाही."

"म्हंजे येत नाय."

मॅडमनी वळून पुन्हा बटण दाबलं. सगळ्या बायका दिव्यांकडे बघत राहिल्या. कुठवर येतात ते आता त्यांनाही पाठ झालं होतं.

शेवटी ठाण्याचे साहेब टेप घेऊन आले. दुपारची वेळ होती. टेप घातली, ती फिरत राहिली, आणि दिवे अडायच्या जागेवर आले, अडले नाहीत, पुढे गेले. बायका उठून उभ्या राहिल्या. कुणीतरी टाळी वाजवली. साहेबांना पुढच्या गावाला जायचं होतं; ते जीपमध्ये बसून निघूनही गेले.

मी बूथकडे पळालो, फोन उचलला. मुका.

मॅडम माझ्या मागोमाग आल्या होत्या. त्यांनी रिसिव्हर कानाला लावला आणि त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला. "टेप जुनी आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही बूथ टाकायच्या आधीची. एक्स्चेंजच्या हिशेबी तुम्ही अजून नाहीच."

म्हणजे यंत्र उठलं होतं, पण जुन्या काळात उठलं होतं. मधल्या काळात ज्यांना फोन मिळाले ते त्याच्या लेखी नव्हते, आणि ज्यांचे बंद झाले ते पुन्हा चालू झाले होते. "तुमचा नंबर आधी घालते," म्हणत त्या परत फिरल्या.

त्या रस्ता ओलांडतात न ओलांडतात तोच देवळाकडून एक बाई ओरडत आली, "म्हाताऱ्याच्या घरात फोन वाजते! कुलूप हाय न आत फोन वाजते!"

माझ्या आधी गावात एका म्हाताऱ्या दुकानदाराचा बूथ होता. त्याने तो बंद केला आणि घराला कुलूप लावून तो पालघरला मुलीकडे राहायला गेला. त्याचा नंबर मॅडमनीच बंद केला होता, पण फोन आत फळीवर तसाच राहिला होता. आणि होडीवरच्या माणसांना तो जुना नंबर तोंडपाठ होता. माझा लागत नाही म्हटल्यावर त्यांनी तोच फिरवला असणार.

आम्ही धावलो. मॅडमना असं धावताना कुणी पाहिलं नव्हतं. एक चप्पल वाटेतच राहिली. घरापाशी पोचलो तेव्हा आत घंटी वाजत होती. लांब, थांबून थांबून. देवकी आमच्याही आधी पोचली होती. दोन्ही तळहात दारावर ठेवून ती उभी होती.

"उघडा!" ती ओरडत होती. "कुनीतरी उघडा!"

मॅडमनी दगड उचलून कुलपावर मारला. कुलूप हललं नाही. मी खांदा लावला. दार जुन्या सागवानाचं होतं. घंटी वाजतच होती. कुणीतरी पहार आणायला पळालं. मॅडम दगड मारत राहिल्या. बोट चेंगरलं, रक्त आलं, तरी मारत राहिल्या. "ठेवू नका," त्या पुटपुटत होत्या, "ठेवू नका, ठेवू नका."

पहार आली. कोयंडा उपटला. दार आत ढकललं, आणि घंटी थांबली.

मॅडमनी रिसिव्हर उचलला. आत नुसती लाइन चालू असल्याची घरघर. कुठून आला, कुणी केला, हे कळायला तेव्हा काही सोय नव्हती. तो रिसिव्हर तसाच हातात धरून त्या क्षणभर उभ्या राहिल्या, मग घाईने खाली ठेवला, पुन्हा येईल म्हणून.

मला तिथे बसवून त्या एक्स्चेंजवर गेल्या, माझा नंबर चालू करायला. देवकी उंबऱ्यावर बसून राहिली. अंधार पडायच्या सुमारास घंटी वाजली. मी झडप घातली. पलीकडे पालघरचा कुणी व्यापारी. "शेठ आहेत का? गोडेतेलाचे डबे पाठवू ना?" एरवी मला हसू आलं असतं. "शेठ इथे राहत नाहीत," म्हणालो आणि फोन ठेवला. देवकी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी मान हलवली. पुन्हा फोन आला नाही.

काही दिवसांनी होडी परत आली. देवकीचा नवरा तिच्यात नव्हता. वादळात भिजून त्याला ताप भरला होता, तिकडच्या बंदरातल्या दवाखान्यात ठेवलं होतं. होडीचा तांडेल, तिला हाकणारा मुख्य माणूस, मान खाली घालून सांगत होता, "बायकोला बोलवा, बोलवा करत होता. त्या दुपारी बाहेरच्या दुकानातून मी फोन लावला. लय वेळ वाजवला. कुनी उचललाच नाय." दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. एवढ्या लांबून आणता येत नाही म्हणून तिथेच अग्नी दिला.

मॅडमना मी सांगितलं. त्यांनी एक्स्चेंजला कुलूप लावलं आणि माझ्याबरोबर देवकीच्या घरी आल्या. मला वाटलं होतं देवकी त्यांना शिव्या घालेल. मनातून मला वाटत होतं की घालाव्यात. सगळ्यांनाच जरा हलकं वाटलं असतं.

देवकी भिंतीला टेकून बसली होती. मॅडमना बघून तिने विचारलं, "बाय, तो फोन वाजत होता, तो त्यांचाच होता ना?"

मॅडमनी तांडेलाने सांगितलेली वेळ मला पुन्हा विचारली. मी सांगितली. "हो," त्या म्हणाल्या. "त्यांचाच होता."

"म्हंजे मी ऐकला," देवकी म्हणाली. "त्यानं बोलवलं तवा मी दारातच होती. माज्या कानानं ऐकलं मी."

तिला कुणी समजवायला गेलं नाही, आणि तिला त्याची गरजही नव्हती. ती तेच पुन्हा म्हणाली, हळू, स्वतःशी.

पुढच्या पावसाळ्याआधी मॅडमची बदली झाली. कुठे, ते मला कुणी सांगितलं नाही आणि त्या निघाल्या त्या दिवशी मी पालघरला गेलो होतो. मग एक्स्चेंजला कायमचा माणूस नेमलाच नाही. बोईसरहून एक मुलगा मोटारसायकलवर यायचा, कुलूप उघडून दिवे बघायचा आणि जायचा.

पण मॅडम म्हटलं की मला देवकीचं ते अंगण दिसतं. बांबूच्या वलांड्यांवर, म्हणजे आडव्या बांधलेल्या काठ्यांवर, बोंबील वाळत टाकलेले. दुःखाच्या घरात त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं आणि कावळे येऊन टिपत होते. मॅडम उठल्या. कोपऱ्यातली काठी घेतली. बोटाला अजून चिंधी बांधलेली होती. त्या एका वलांडीकडून दुसरीकडे जात होत्या, कावळे हाकत होत्या. इकडून उडवले की ते तिकडे बसत होते. त्यांची घरी जायची, बोईसरची शेवटची एस.टी. गेल्याचं मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. ऊन उतरेपर्यंत त्या काठी घेऊन तिथेच फिरत होत्या.