माझ्या छतावर नाचणारी बाई

मॉन्ट्रियलमध्ये मी तीसेक हिवाळे काढले, पण त्या सगळ्यांनी मिळून मला छळलं नसेल तेवढं माझ्या डोक्यावर राहणाऱ्या एका बाईने छळलं. डोक्यावर म्हणजे अक्षरशः. आमचं घर तिमजली; मी मधे, ती वर, आणि तिची जमीन ते माझं छत. ती सेनेगलची. तिच्याकडे कॅमेरूनच्या, मालीच्या आणखी तिघी जमायच्या. चौघीही नर्तकी. नाच कशावर, तर बायकांनी लिहिलेल्या कवितांवर! एकीने कविता वाचायची आणि बाकीच्या तिघींनी ती टाचांनी माझ्या छतात ठोकून बसवायची. तक्रार करायला वर गेले की "आह, मादाम!" करून ती मला आत ओढायची, हातात आल्याचं सरबत द्यायची आणि तक्रार बाजूला ठेवून माझी चाल तपासायची. "टाचा अशा चोरून का टेकवता? कुणाची माफी मागताय?" बेसमेंटमध्ये कपडे धुवायला जावं तर मशीनच्या घरघरीवर हिचे खांदे सुरू. बर्फ शोव्हल करायची पाळी हिची असली की ही फावडं हातात घेऊन वाकण्याचा अभ्यास करायची आणि बर्फ मी काढायची. बोलताना एखादी म्हण तोंडातून निघाली तरी हिचा प्रश्न ठरलेला, "हे बाईने म्हटलंय का?"

अशा बाईजवळ एकदा माझी जीभ घसरली. मी तिला उखाण्याबद्दल सांगून बसले. आमच्या पिढीची बाई नवऱ्याला नावाने हाक मारत नाही. 'अहो' आणि 'हे' यांवर सगळा संसार होतो. नाव घ्यायचं ते चारचौघींत, दोन ओळींच्या यमकात गुंफून. पण माझे हे गेले, आणि विधवेला उखाणा कोण विचारणार? त्यांच्यामागोमाग त्यांचं नावही घरातून गेलं. कुणी माझ्यासमोर ते उच्चारत नसे, आणि ते मला फार लागायचं. एवढं सगळं मी मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये सांगितलं. तिने सरबत खाली ठेवलं तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्या इथल्या मराठी मैत्रिणीच्या, सुनंदाच्या फ्लॅटमध्ये होतं. सुनंदा मला दरवर्षी प्रेमाने बोलवायची आणि तितक्याच प्रेमाने स्वयंपाकघरात कॉफीवर नेमायची. "बायका, कविता, आणि मी नाही?" म्हणत ही माझ्याबरोबर आलीच. कपाळभर कुंकू लावून घेतलं, मधोमध बसकण मारली आणि प्रत्येक उखाण्याला टाळ्या पिटल्या. सगळ्यांचे उखाणे झाल्यावर स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडली, "मादाम, तुमचा?"

सुनंदा घाईघाईने म्हणाली, "नो, नो, तिला नाही विचारायचं. हर हजबंड इज नो मोअर."

"नवरा गेला," ही शांतपणे म्हणाली, "कविता कुठे गेली?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कॉफीचा ट्रे घेऊन बाहेर आले ती हिला चार शब्द सुनवायलाच. पण तोंडून निघालं भलतंच, इथल्या पहिल्या हिवाळ्यात मी रचलेलं:

"दारात बर्फ गुडघाभर, चहा ठेवला गॅसवर,
मधुकरराव घरी आले, आजही वेळेवर."

घरात गॅस नव्हता, विजेची शेगडी होती, पण यमकापुढे काय करणार! सुनंदा रडायला लागली, मीही रडले. आणि ही बया? "पुन्हा म्हणा," म्हणाली. "'घरी आले' जरा सावकाश."

पुढे वसंत उजाडेपर्यंत माझ्या छतावर माझाच उखाणा. मी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं की वरच्या तेही तालात घ्यायच्या. एका छोट्या हॉलमध्ये प्रयोग झाला. मला ओढून पहिल्या रांगेत बसवलं. दिवे लागले. तिने डावी टाच आपटली, मग उजवी, मग दोन्ही, आणि मला कळलं. हे कामावरून आले की दाराशी बुटांवरचा बर्फ अस्साच झाडायचे. खालचे काय म्हणतील म्हणून मी रोज करवादायची. तेही तिला कधीतरी मीच सांगितलं होतं. मग चौघी एकदम म्हणाल्या, "मादुकाररो!" नावाची पार वाट लावली. पण भरल्या हॉलमध्ये, मोठ्यांदा घेतलं.

ती आता डाकारला परत गेली. वर एक सभ्य जोडपं राहतं, मोजे घालून चालतं. हळदीकुंकवाला सुनंदा उखाण्याची सुरुवात माझ्यापासून करते. डाकारहून हिचा फोन येतो तो कधीही, आणि 'बोंजूर' वगैरे काही नाही, थेट "मादुकाररो!" मी तिला वेळकाळ शिकवते, उच्चार शिकवते, रागारागाने फोन ठेवते. मग घर फार शांत होतं. अशा वेळी मी उठते, दाराशी जाऊन दोन्ही टाचा जोरात आपटते आणि नाव घेते. परवा खालचे तक्रार करायला वर आले होते. त्यांना आत ओढलं आणि आल्याचं सरबत दिलं.