जावेचा इको

भोसरीच्या ज्या वर्कशॉपमध्ये मी माल तपासते, तिथं शिफ्टच्या सुरुवातीला मशीनवरून निघालेला पहिला तुकडा बाजूला ठेवतात. दिवसभराचा माल त्याच्याशी ताडून बघायचा. एकदा एका ऑपरेटरनं शेजारच्या मशीनचा तुकडा पहिला म्हणून ठेवला, तर सगळ्यांसमोर मी त्याची अशी बिनपाण्यानं केली की आठवडाभर तो माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्याला अक्कल शिकवायची मला भारी हौस.

मग माझ्याच डाव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमो झाली. शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू व्हायच्या आधी डॉक्टरीणबाईंनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढायला सांगितला. म्हणाल्या, "डाव्या बाजूच्या शेकाची झळ हृदयालाही लागू शकते. तुम्हाला त्रास जाणवायच्या आधीच त्याचा पंप कमी पडायला लागतो. पंपाचा आजचा आकडा हातात असला की पुढचे त्याच्याशी ताडता येतात, वेळेत गोळ्या देता येतात." मी शहाण्यासारखी मान डोलावली.

इकोच्या दिवशी नेमकं कंपनीत ऑडिट आलं. केमोच्या सुट्ट्यांमुळं कॉन्ट्रॅक्टर आधीच डोळे वटारून होता. आणखी एक खाडा म्हणजे घरी बस. आमच्या खोल्यांमध्ये एकमेकींच्या कार्डावर दवाखान्यातून गोळ्या आणणं नेहमीचंच. धाकट्या जावेला म्हटलं, "चिठ्ठी घे, माझं नाव सांग आणि पड जाऊन टेबलावर." ती चाकणकडच्या खेड्यातली, मोठ्या जावेला नाही म्हणणं तिला ठाऊकच नाही. गेली बिचारी. इको काढणाऱ्यानं तिच्या छातीवर टाक्यांचा व्रण नाही, एवढंही पाहिलं नाही. पण त्याला काय बोलू? पाठवणारी मीच भवानी.

आकडा जरासा कमी आला. "केमोनं असेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "याच्या खाली जायला नको." मी रिपोर्ट घडी घालून पिशवीत टाकला. शेक संपल्यावरचा इको मात्र माझा मी दिला, तर आकडा तोच! "स्थिर आहे, छान." पुढची दोन वर्षं दर वेळी तेच ऐकलं. मी तर पेढे वाटायचीच बाकी होते.

यंदा ताथवड्याला लेकीकडे गेले तर दुसऱ्याच जिन्यावर मटकन खाली बसले. पुन्हा इको काढला, आकडा धाडकन खाली आलेला. डॉक्टरीणबाई सगळे रिपोर्ट पसरून बसल्या. "दोन वर्षं हलला नाही, आणि आता एकदम?" तेव्हा कुठं माझं तोंड उघडलं.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळूच म्हणाल्या, "म्हणजे तुमचा पहिला आकडा बहुतेक यापेक्षा जास्त होता, शेकातच तो उतरला, आणि मी त्याला स्थिर म्हणत बसले. तेव्हाच गोळ्या दिल्या असत्या हो." पहिला तुकडा दुसऱ्याच मशीनचा, आणि तो ठेवणारी मी. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

मग त्यांनी पहिला रिपोर्ट पुन्हा उचलला. "या बाईला तर केमो झालेली नव्हती. मग तिचा आकडा का कमी आहे? घेऊन या तिला." दोन वर्षं तो कागद माझ्या पिशवीत होता, आणि जावेला केमो कुठं झालीय, हा विचार माझ्या डोक्याला शिवला नव्हता.

तशीच तिच्या खोलीवर गेले. ती मेथी निवडत बसली होती. सगळं सांगितलं. तुझंही हृदय तपासायला हवं, म्हटलं. स्वतःबद्दल तिनं एक अक्षर विचारलं नाही. मेथीची जुडी हातात तशीच धरून म्हणाली, "म्हंजी ताई, तुमचं दुखणं माझ्यामुळं कळलं न्हाई व्हय?"

नाही म्हणायला माझं काय जात होतं? पण दोन वर्षांचा राग कुणावर तरी काढायचाच होता. मी "हो" म्हटलं, आणि ती माझे पाय धरून माफी मागायला लागली.