कुसुमबाईच्या पापण्या

इचोड्याच्या बाजारात माझं किराणा दुकान आहे आणि समोरच कुसुमबाई भाजी घेऊन बसते. तिचा नवरा महिपत तिला मारतो, हे आम्ही साऱ्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं. महिन्या-दोन महिन्यांनी बाईच्या दोन्ही पापण्या टम्म फुगलेल्या असायच्या. विचारलं की सांगायची, दुखत नाही, आपोआप येते, आपोआप उतरते. असं कुठं असतं का, म्हणून आम्ही हसायचो. मीही त्यातलाच, आता सांगायची लाज वाटते.

महिपत म्हणजे बैलावरही आवाज न चढवणारा माणूस. पण तिच्या थोरल्या भावानं, भारतनं, एकदा बारशाच्या पंगतीत त्याच्या थोबाडीत मारली. महिपत भरल्या ताटावरून उठून गेला. त्यानंतर सात वर्षं भारत बहिणीकडे भाऊबीजेला आला नाही.

सूज उतरायची, पण कातडी सैल पडत गेली. पस्तिशीतच पापण्या अर्ध्या डोळ्यांवर लोंबू लागल्या. काट्यावरचे आकडे पाहायला ती बोटानं पापणी वर धरायची. शेवटी महिपतनं तिला हैदराबादला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हा पापण्यांचाच आजार आहे, फार क्वचित कुणाला होतो. सारखी सूज येऊन कातडी पातळ होते आणि पापणी उचलणारा स्नायू ताणला जातो. जास्तीची कातडी काढून स्नायू पुन्हा घट्ट करता येईल, मात्र आधी सलग वर्षभर सूज यायला नको. नाहीतर केलेलं काम परत बिघडेल.

दहाव्या महिन्यात सूज आली. कुसुमबाई त्या दिवशी भाजी तशीच टाकून घरी गेली. महिपतनं पहिल्यापासून महिने मोजायला घेतले. दुसरं वर्ष मात्र सुखरूप गेलं आणि ऑपरेशन झालं. टेबलावरच तिला डोळे उघडायला लावून डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पापण्या सारख्या करून घेतल्या.

चौथ्या दिवशी दोघं बसमधून उतरली आणि सारा बाजार वळून पाहू लागला. डोळ्यांभोवती काळंनिळं, वर टाके. ऑपरेशनचं तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं; इतकी मारलेली बाई आम्ही पाहिली नव्हती. महिपतनं पिशवीतून काळा चष्मा काढला, लोक पाहतात म्हणून लाव म्हणाला. तिनं तो घेतला नाही. कुणीतरी भारतला फोन केला असावा. तो मूठ आवळूनच आला.

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. कुसुमबाई दोघांच्या मधे उभी राहिली.

"हे डाक्टरीणबाईनं केलं, पयलेचं आजारानं केलं," ती सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं बोलली. "महिपतरावनं माह्यावर कदी हात उगारला नाई, दादा. मार त्यायनंच खाल्ला. तुह्या हातचा."

भारत तिच्या डोळ्यांकडे पाहत राहिला. मग त्यानं महिपतच्या हातातली पिशवी घेतली आणि खाली मान घालून त्याच्या मागं चालू लागला.