शेवटच्या भागात मागे कोणी राहायचं

धाकट्या भावाने आमच्या मालिकेच्या शेवटच्या भागाचे कागद माझ्यापुढे ठेवले तेव्हा मी मेथी निवडत होते. "अक्का, वाच. रडशील," तो म्हणाला. मी वाचलं. रडले नाही, डोकं सणकलं. माझ्या नाकावर राग कायमचा, हे घरात सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे त्याचं आता कुणाला काही वाटत नाही. भाजीत मीठ जास्त पडलं तरी अक्का चिडते आणि जग बुडालं तरी चिडते, असं भाऊच लोकांना हसत सांगतो.

मालिकेत जग बुडालेलंच होतं. ही फोनवर ऐकायची मालिका, चित्र नाही, नुसते आवाज. भाऊ दिवसा ठिबकच्या नळ्या विकतो आणि उरलेल्या वेळात हे लिहितो. त्याच्या गोष्टीत सगळ्या नद्या-विहिरी आटल्यात, बाहेर विषारी धुळीचं वारं सुटलंय आणि खानदेशात उरलेली चार माणसं केळी पिकवायच्या एका बंद खोलीत दार लावून राहतात. एक आंधळा म्हातारा, त्याचा तरुण मुलगा, एक कॉलेजातली पोरगी आणि एक बाई. बाई म्हणजे मी, तिचा आवाज माझा. ही बाई त्या तिघांपैकी कुणाचीच कुणी नाही, पण पाणी वाटते तीच, आजारी पडलं की उशाशी बसते तीच, आणि भांडणं सोडवते तीही तीच. चाळीसगावच्या माझ्या मावसबहिणीने एकदा फोन करून सांगितलं, "तुला काही करावंच लागत नाही गं त्यात, तू मुळातच तशी आहेस." तिने कौतुकानेच म्हटलं होतं.

शेवटच्या भागात वारं पडतं. दूर कुठेतरी पाणी आहे असं कळतं. पण म्हाताऱ्याला चालवत नाही. म्हणून मुलगा आणि पोरगी निघतात, बाई म्हाताऱ्याजवळ थांबते आणि आतून दार लावून घेते. कडीचा आवाज, शांतता, संपलं.

"म्हाताऱ्याला स्वतःचा मुलगा आहे की," मी म्हटलं. "तो का नाही थांबत?"

"तो तरुण आहे अक्का. त्याला पुढे जग वसवायचंय."

"आणि बाईला काय वसवायचंय?"

"तुला कळत नाहीये. हा त्याग आहे. लोक वेडे होतील."

मी मेथीचे देठ जरा जास्तच जोरात मोडले. त्याला काय कळणार होतं! आमची माय दोन वर्षांपूर्वी न्हाणीत घसरली आणि तिचा खुबा मोडला. तेव्हापासून ती पलंगावर, फार तर वॉकर धरून मोरीपर्यंत. मी एका डाळ मिलच्या ऑफिसात कारकून होते. ती नोकरी मी सोडली, कारण भावाला संसार आहे आणि मला नाही. असं कुणी मला स्पष्ट सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. तो दहा मिनिटांच्या रस्त्यावर राहतो. रविवारी आपल्या लहान पोरीला घेऊन येतो, मायजवळ बसतो, चहा पितो आणि जाताना म्हणतो, "अक्का आहे म्हणून मला घोर नाही." मी पन्नाशीला टेकले आहे. दुपारी माय झोपली की मी खिडकीशी उभी राहायची आणि समोरच्या रस्त्यावरच्या रिक्षा बघायची. कुठेतरी जाणारी माणसं बघून मला अक्षरशः पोटात दुखायचं.

त्यात मी एक उद्योग करून ठेवला होता. धुळ्याच्या एका मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिका हवी होती. राहायचं तिथेच. मी कुणाला न सांगता अर्ज केला, तपासणीच्या नावाखाली एक दिवस धुळ्याला जाऊन मुलाखत देऊन आले, आणि त्यांनी मला घेतलं. येता का नाही ते आठवडाभरात कळवा, म्हणाले. हे मी भावाला सांगितलं नव्हतं. मायला सांगायची तर हिंमतच नव्हती. कागदावरची ती बाई दार लावून घेत होती आणि इकडे माझा आठवडा सरत चालला होता.

आमचं रेकॉर्डिंग खरोखरच्या केळीच्या खोलीत व्हायचं. शहराबाहेर भावाच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याच्या अशा पाच-सहा खोल्या आहेत. जाड भिंती, जाड दार, आत गारवा आणि गॅस सोडून केळी पिकवतात. त्यातली कोपऱ्यातली एक बिघडलेली, म्हणून रिकामी. बाहेरचा ट्रकसुद्धा आत ऐकू येत नाही, त्यामुळे भाऊ खूश. आतून दार उघडायचा दांडा तुटलेला होता. दारात वीट ठेवून किंचित फट राखायची, एवढाच उपाय. मोबाईल आत न्यायचा नाही, हा भावाचा नियम. त्याच्या थरथरण्याने म्हणे रेकॉर्डिंग बिघडतं. सगळ्यांचे मोबाईल एका पिशवीत, पिशवी बाहेर खुर्चीवर.

शेवटच्या भागाच्या दुपारी आम्ही चौघं आत होतो. भाऊ, तो मुलाचा आवाज देतो आणि रेकॉर्डरही सांभाळतो. नाना, म्हणजे निवृत्त एसटी ड्रायव्हर, तरुणपणी नाटकाच्या स्पर्धा गाजवलेले, त्यांचा आवाज म्हाताऱ्याला. पोरीचा आवाज खरोखरच कॉलेजात शिकणाऱ्या एका पोरीचा. आणि मी, मायजवळ शेजारणीला बसवून आलेली. बाहेर उन्हाने डांबर वितळत होतं आणि आत गारव्याचं मशीन बंद, त्यामुळे आम्ही उकडून निघत होतो. माझं शेवटचं वाक्य होतं, "तुम्ही व्हा पुढे, मी आहे इथे." मी ते तीनदा म्हटलं आणि तिन्ही वेळा भाऊ म्हणाला, "अक्का, जरा मायेने म्हण ना. तू भांडल्यासारखं म्हणतेस."

चौथ्यांदा तोंड उघडलं आणि वीट सरकल्याचा आवाज आला. मग दार धप्पकन बसलं, बाहेरून खटका पडला आणि दिवा गेला.

पहिल्यांदा आम्ही हसलो. मग भावाने दार ढकललं. मग दोघांनी मिळून ढकललं. मग हाका मारल्या. जाड भिंतींनी बाहेरचा आवाज आत येत नाही याचं आम्हाला केवढं कौतुक होतं! आतला बाहेर जात नाही, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. अंधारात फक्त रेकॉर्डरचा लाल ठिपका दिसत होता.

पोरगी रडायला लागली. हवा संपेल, गॅस सोडतील, असं काहीबाही बोलायला लागली. नाना भिंतीला टेकून खाली बसले. त्यांना साखरेचा त्रास, जेवणाची वेळ टळून गेलेली. भावाचा आवाज पार खोल गेला होता. आणि त्या आवाजात तो म्हणाला, "अक्का, हिला जरा बघ ना." मी पोरीला जवळ घेतलं. "अक्का, नानांना काही खायला आहे का गं तुझ्या पर्समध्ये?" लिमलेटच्या गोळ्या होत्या, त्या चाचपत नानांच्या हातात दिल्या. "अक्का, तू दाराशी उभी राहून हाका मार. तुझा आवाज मोठा आहे. आम्ही जरा बसतो."

मी उभी राहिले. हाका मारल्या, थापा मारल्या, चप्पल काढून चपलेने दार बडवलं. घामाने साडी अंगाला चिकटली होती, घसा फाटला होता. छातीवर कुणी बसल्यासारखं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर ते काही त्या खोलीत शिरल्यावर सुरू झालेलं नव्हतं. मागे तिघं बसलेली. तेवढ्यात भाऊ, बहुधा वातावरण हलकं करावं म्हणून, म्हणाला, "बघ अक्का, आपलाच सीन झाला. शेवटी दाराशी तूच."

मग मी थांबले नाही.

"का? मीच का?" मी ओरडले. "दर वेळी मीच का? तुमचं सगळ्यांचं होईपर्यंत मी थांबायचं, आणि मग दार लावून घ्यायचं तेही मीच? कुणी विचारलं मला? एकाने तरी विचारलं, बाई, तुला जायचंय का म्हणून? मला जायचंय! ऐकू येतंय का? मी नाही राहणार इथे. ज्याचं त्याने बघा. मी चालले."

आणि बंद दारावर मी दोन्ही हात आपटले. चालले म्हणे! जाणार कुठे होते? दार तर बंदच होतं. त्याचा मला इतका संताप आला की मी तिथेच खाली बसून हमसून हमसून रडले. नानांनी अंधारात माझ्या डोक्यावर हात ठेवला, एवढं आठवतं.

ऊन उतरल्यावर कधीतरी दार उघडलं. तिथला मुकादम समोर उभा, हातात आमच्या मोबाईलची पिशवी. कुणाचातरी फोन सारखा वाजत होता म्हणून तो माणसं शोधत आला होता.

"आरे बापरे! तुम्ही मझार व्हतात का?" आम्हाला आत बघून तो दचकला.

"दार कोणी लावलं?" भाऊ त्याच्या अंगावर धावला.

"मीच लावं. दार उघडं दिसनं, लाई दिधं. दिवा बी बंद करा." मुकादम इतका गोंधळला होता की मला त्याची दया आली. "केयीन्या खोलीनं दार उघडं राह्यनं का माल गया, भाऊ. इतला वरीसनी सवय शे. हात आपेआप जास."

भावाने त्याला खूप फैलावर घेतलं. मला मात्र त्याच्यावर रागावता येईना. त्याला कुणाला कोंडायचं नव्हतं. उघडं दार दिसलं, हाताने लावलं. आमच्या घरातही कुणी मला मुद्दाम कोंडलं असं थोडंच होतं!

दोन दिवसांनी भावाचा फोन आला. रेकॉर्डर चालूच राहिला होता. "अक्का, तू जे ओरडलीस ना, ते मी परत परत ऐकतोय. अंगावर काटा येतो. मी लिहिलेलं त्याच्यापुढे काहीच नाही." मला वाटलं, आता हा विचारेल. तो म्हणाला, "शेवट बदलतो. बाई निघून जाते. तुझंच बोलणं जसंच्या तसं ठेवतो, फक्त मधले माझे आवाज काढतो. चालेल ना?"

"चालेल," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? माझा सगळा जीव ओतून बाहेर आलेलं त्याला आवाज म्हणून कळलं होतं, फार छान आवाज म्हणून. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

रविवारी तो आला. आपल्या पोरीला शेजारी खेळायला सोडलं आणि शेवटचा भाग ऐकवायला फोन मायच्या उशाशी ठेवला. माय आमची भडगावकडची, अजून घरात आपलीच बोली बोलते. तिने एकही भाग चुकवलेला नव्हता. मी पायथ्याशी बसले. धुळ्याला कळवायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती, आणि मी नाही म्हणायचं मनाशी ठरवून टाकलं होतं. काय करणार? तिला टाकून जायचं कसं?

फोनमधून माझा आवाज आला. मीच का, दर वेळी मीच का. स्वतःचा आवाज ऐकताना मला कुठे बघावं कळेना. मायने डोळे मिटले होते. दारावरचे हात वाजले. मग भावाने दार उघडल्याचा आवाज जोडला होता, वारा जोडला होता, दूर जाणारी पावलं जोडली होती. संपलं.

"कसं वाटलं, माय?" भावाने विचारलं.

डोळे न उघडताच माय म्हणाली, "आते त्या म्हताराले कोन देखी?"

"माय, गोष्ट शे ती. सरनी."

"गोष्ट सरनी. म्हतारा सरना नही ना." तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. "हाई गोष्टनं बोलनं नही शे. मनी पोरनं बोलनं शे. माले समजस."

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. मी साडीचा पदर बोटाला गुंडाळत राहिले.

"धुये आठून कितलं दूर शे?" मायने विचारलं.

दुपारी ती झोपली असं समजून मी तिच्या खोलीतूनच धुळ्याला फोन केले होते. झोपली नव्हती म्हणजे ती. आठवडाभर सगळं माहीत असून गप्प पडून होती.

"दोन-अडीच तास," मी म्हटलं.

"मंग काय! जाय तू." आणि बोलता बोलता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने लपवलं नाही. "मी त्याले शिकाडसू."

"काय चाललंय? कोण कुठे चाललंय?" भाऊ म्हणाला.

मायने पांघरूण बाजूला सारलं, वाळलेले पाय पुढे केले आणि म्हणाली, "तेलनी वाटी लई ये. मना पाय चोयी दे."

मी सवयीने उठायला लागले. मायने माझा हात धरला. "तू बस," ती म्हणाली. "त्याले सांगं मी."

भाऊ स्वयंपाकघरात गेला. डबे उघडल्याचे आवाज येऊ लागले, एक झाकण खाली पडलं, मग त्याने हाक मारली, "अक्का, वाटी कुठे असते गं?" वाटी ओट्याखाली असते, डावीकडे. मी मायच्या हातात हात देऊन बसून राहिले, आणि सांगितलं नाही.